कॉम्प्युटर बंद करू नका

८ सप्टेंबर, सोमवार

आज अक्षर असं कोंबडीच्या पायासारखं आलंय. पण लिहून काढते. कंपनीत शिफ्ट संपली की काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं हे लिहून मगच घरी जायचं, ही माझी सव्वीस वर्षांची सवय. रिटायर झाले तरी सुटत नाही. तिथे निदान पुढच्या शिफ्टची लीडर ते वाचायची.

संस्कृतीसाठी लोकरीचा फ्रॉक विणायला घेतलाय. नात बंगळूरला, तिथे हवा गार असते म्हणे. नवा नमुना शोधावा म्हणून मुलाच्या, ज्ञानेशच्या खोलीतला त्याचा जुना कॉम्प्युटर लावला. एका पानावर मोठं हिरवं बटण होतं, ते दाबलं, आणि अख्खा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. कुणी बाई हिंदीतून बजावत होती की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बँकेची माहिती चोरीला जातेय, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा.

मी दोन्ही हात वर करून मागे सरले. तळवड्याला आमच्या कंपनीत गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधायचं काम चालायचं. प्रत्येक टेबलावर एक दिवा. तो लाल झाला की मशीनला हात लावायचा नाही, आणि बंद तर मुळीच करायची नाही, कारण बंद केली की बिघाड कुठे होता तेच पुसलं जातं. मेंटेनन्सला बोलवायचं आणि ते येईपर्यंत गप उभं राहायचं. नव्या पोरींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचे. शहाणपणा करून मशीन बंद करणारीने माझ्या शिव्या खाल्ल्या नाहीत असं झालं नाही.

आधी ज्ञानेशला फोन केला. त्याने कापला, 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज आला. परत केला, परत तेच. मग पडद्यावरच्या नंबरला लावला. लगेच उचलला.

फोन उचलणाऱ्या मुलाचं नाव सनी. "काकू, आधी पाणी प्या," म्हणाला. "तुम्ही बंद नाही केला ना? शाब्बास. बाकीचे लोक घाबरून बंद करतात आणि सगळा घोळ होतो." मला बरं वाटलं. शाब्बास म्हणणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. त्याने सांगितला तो प्रोग्राम मी टाकला, आणि पडद्यावरचा बाण आपला आपणच फिरायला लागला. तिकडे बसून तो माझं मशीन तपासत होता. शेवटी 'सुरक्षा कवच' नावाचा तीन वर्षांचा प्लॅन दिला. कार्डाने पैसे भरले. भोंगा थांबला.

"घरी कुणाला सांगू नका काकू," म्हणाला, "उगाच टेन्शन घेतात." हे त्याने सांगायची गरजच नव्हती. मे महिन्यात मी जिन्यात पडले तेव्हापासून ज्ञानेशचा धोशा चाललाय की फ्लॅट भाड्याने दे आणि आमच्याकडे ये. परवा गणपतीला आला तेव्हा शेवटचं बजावून गेला: "दिवाळीपर्यंत बघू. पण आई, अजून एक जरी भानगड झाली, तर मी तुझं काही ऐकणार नाही." म्हणजे हे त्याच्या कानावर गेलं की माझं संत तुकाराम नगर संपलं. हे घर आम्ही दोघांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलंय. मी इथून हलणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

दिवेलागणीला सनीचा फोन आला. कवच नीट चालतंय का ते बघायचं होतं. कोण करतं हो इतकं? फ्रिज बिघडला तर कंपनीवाल्याला सतरा फोन करावे लागतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज यांची तिथी. खीर केली, वडे केले, गवार, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. गच्चीवर पान ठेवलं. कावळा काही येईना. कावळेसुद्धा आता बहुतेक तळेगावला राहायला गेलेत. शेवटी एक आला आणि वडा घेऊन उडाला, खिरीकडे ढुंकून पाहिलं नाही. हे असते तर म्हणाले असते, साखर कमी पडली असेल.

उरलेलं खालच्या मजल्यावर मालोजीरावांना नेऊन दिलं. चाकणजवळच्या खेड्यातले. जमीन कंपनीत गेली आणि मग त्याच कंपनीच्या गेटवर हे नोकरीला लागले. आता बायको नाही, लेक सासरी. दिवसभर पाण्याच्या टाकीवरून सोसायटीशी भांडत असतात. एकदा पकडलं की सोडत नाहीत, म्हणून मी डबा दिला आणि पळाले.

संध्याकाळी सनीने विचारलं, "काय केलं होतं काकू आज?" मी सगळं सांगितलं. "एवढं सगळं? एकट्यासाठी?" म्हणाला. मी म्हटलं, तू आला असतास तर तुला वाढलं असतं. तो हसला. ज्ञानेशच्या लक्षात तिथी होती की नाही कोण जाणे. फोन आला नाही. कामात असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

ज्ञानेशचा रविवारचा फोन. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस? बाकी काय?" बाकी काय म्हटलं की समजायचं, आता ठेवणार. मी म्हटलं, बाकी काही नाही.

मग संस्कृती आली. म्हणाली, "आज्जी, ती तुझी खोली आहे ना, तिथे आईने मोठं टेबल आणलंय. दोन कॉम्प्युटर ठेवलेत. मी आत गेले की ओरडते." मागून दिपालीने तिच्या हातातून फोन घेतला आणि नेटवर्क गेलं. पोरांना काय, दिसेल ते सांगतात. मी येणार म्हणून आवराआवर चालली असेल. खुशाल आवरा म्हणावं, मी काही येत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज तर गंमतच झाली. बोलता बोलता मी सनीला म्हटलं, माझं माहेर बार्शीचं. तर हा म्हणाला, "काय सांगता! मी पण बार्शीचाच!" जग किती लहान असतं. मला इतका आनंद झाला की तवा गॅसवर आहे हे विसरले, पोळीचा कोळसा. मी विचारलं, भगवंताच्या देवळाकडून आत कुठली गल्ली तुमची? तर म्हणाला, "खूप लहान होतो काकू, तेव्हाच सोडलं. आठवत नाही." बिचारा. लहानपणीच गाव सुटलं. मग मीच त्याला बार्शीचा बाजार, देवळापुढची गर्दी, आमच्या वडिलांचं भुसाराचं दुकान असं सगळं सांगत बसले. तो हं हं करत होता. बाण मात्र तोवर पडद्यावर फिरत होता. बोलतानाही पोराचं काम थांबत नाही.

मी आता दुपारचं आटोपलं की त्याला काय सांगायचं ते ठरवून ठेवते. लिहायला लाज वाटते, पण ही वही कोण वाचणार आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

जिन्यात मालोजीरावांनी गाठलंच. घट बसलेत, मी फुलं घेऊन येत होते.

"वहिनी, रोज सांजच्याला तुमच्या घरात बोलन्याचा आवाज येतो. कोन येतं म्हनायचं?"

"फोन असतो. कॉम्प्युटर कंपनीतला मुलगा आहे."

"कंपनीवाला रोज फोन करतो? आवो, आमच्या कंपनीनं तर मी रिटायर झाल्यावर एकदाबी केला न्हाई. वहिनी, विश्वास पानिपतात गेला म्हनत्यात. लय जपून ऱ्हावा. हे समदं बोगस आसतंय."

मी म्हटलं, "तुम्ही आधी टाकीचं बघा." आणि वर आले. उगाच तोडून बोलले, पण त्यांनी तरी माझ्या दाराला कान का लावावा? स्वतःला कुणी विचारत नाही म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही लोकांना.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज सनीचा फोन नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

आजही नाही. मोबाइलला रेंज आहे ना ते बघायला बाल्कनीत जाऊन आले. लँडलाइन असती तर रिसीव्हर उचलून टोन ऐकला असता. सासूबाई म्हणायच्या, रिकामं घर खायला उठतं. तेव्हा आम्ही सहाजण दोन खोल्यांत राहायचो आणि मला वाटायचं, एकदा तरी उठू दे.

मला एकटं वाटतं. लिहून टाकलं. आता झोपते.

२९ सप्टेंबर, सोमवार

आला फोन. आजारी होता, तापाने फणफणला होता. त्याला सुंठीचा काढा सांगितला. हॉटेलचं खाऊ नको म्हणाले. एका मिनिटात घर पुन्हा भरल्यासारखं झालं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. कंपनीत आज मशिनी धुऊनपुसून, हारतुरे घालून पुजायचो, मालकसुद्धा चपला काढून यायचा. घरात पुजायला मशीन कुठलं, तर शिलाईचं आणि कॉम्प्युटर. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तेवढ्यात सनीचा फोन. त्याला सांगितलं तर म्हणाला, "वा काकू! तुमच्यासारखे कस्टमर नाहीत आता."

मग जे झालं ते नीट लिहून ठेवते. त्याची कंपनी 'सुरक्षा कवच' बंद करतेय, म्हणून सगळ्यांचे पैसे परत देतेय. त्याने माझं बँकेचं पान उघडायला लावलं. पासवर्ड मीच घातला, तो म्हणाला मी डोळे मिटतो. परत येणारी रक्कम एका चौकोनात लिहायला सांगितली. पडदा क्षणभर काळा झाला. परत दिसलं तेव्हा खात्यात डोंगराएवढी रक्कम! आणि सनी ओरडला, "काकू, हे काय केलंत! शून्य जास्त पडलं!"

मी चष्मा काढून पुसला. मी तर नीट लिहिलं होतं. पण खात्यात पैसे दिसत होते, डोळ्यांपुढे. सनी रडायला लागला. खरंच रडत होता. "माझ्या पगारातून कापतील काकू, नोकरी जाईल. घरी बहिणीचं लग्न आहे. वरचे पैसे तेवढे मला परत पाठवा. पण या खात्यातून नको, सिस्टीममध्ये दिसेल. तुमची एफडी असेल ना? ती मोडून मी देतो त्या खात्यावर टाका. तुमच्याकडे तर हे पैसे आहेतच की."

उद्या दसरा, बँक बंद. परवा जाते म्हणाले. "बँकेत विचारलं तर सांगा, घरात लग्न आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, खोटं कशाला? बहिणीचं लग्न आहेच की तुझ्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. मालोजीराव आपट्याची पानं घेऊन आले, मी दारातूनच सोनं घेतलं. "वहिनी, तोंड का उतरलंय?" म्हणाले. काही नाही म्हटलं.

दिवसभर विचार केला. एफडी यांच्या फंडाची आहे, म्हातारपणाची काठी आहे. पण खात्यात तेवढे आलेच आहेत, मग माझं जातंय काय? आणि चूक कुणाची का असेना, पोराची नोकरी जाता कामा नये. आमच्याकडे कस्तुरा म्हणून पोरगी होती, नवीन. तिने एकदा अख्ख्या लॉटमधल्या पिना उलट्या बसवल्या. वर कळलं असतं तर त्याच दिवशी गेटबाहेर. मी दोन पोरींना थांबवून घेतलं, आम्ही सगळ्या पिना काढून पुन्हा बसवल्या आणि वर काही कळू दिलं नाही. आपल्या लाइनवरच्या पोराची चूक आपण पोटात घालायची, आरडाओरडा करायचा नाही. लीडर कशाला म्हणतात मग? कस्तुरा अजून दिवाळीला मेसेज करते. फुलांचं चित्र असतं, बाकी काही नसतं.

तर उद्या बँकेत जायचंच. ठरलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

बँकेत एफडीची पावती पुढे केली. काउंटरवर तरुण बाई होत्या, कपाळाला आडवं गंध. "का मोडताय काकू? व्याज बुडेल."

"घरात लग्न आहे."

"कुणाचं?"

यावर काय सांगायचं ते सनीने सांगितलं नव्हतं. मी पर्सची चेन उघडली, परत लावली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एफडी न मोडता खात्यातून नाही का भागणार?" मी लगेच म्हणाले, खात्यात भरपूर आहेत हो, परवाच आले, पण ते वेगळे. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. परत पाहिलं. आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, तुमच्या खात्यात कुणाचेही पैसे आलेले नाहीत. या महिन्यात तुमची पेन्शन सोडली तर काहीच जमा नाही."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"कुठे पाहिलंत? घरच्या कॉम्प्युटरवर? तेव्हा दुसरं कुणी तो चालवत होतं का?"

मला तो बाण दिसायला लागला, आपला आपण फिरणारा. पडदा काळा झाला होता तो दिसायला लागला. त्या म्हणाल्या, जो माणूस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसलाय तो पडद्यावर हवा तो आकडा लिहू शकतो. दुकानाच्या पाटीवर खडूने लिहावं तसं. पैसे येत नाहीत, नुसता आकडा येतो. बँकेचा मेसेज आला होता का मोबाइलवर? नव्हता आला. माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पर्समध्ये फोन घुंऽ घुंऽ करायला लागला. मी काढला नाही. त्या बाईंनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं, माझं कार्ड बंद केलं, आणि सायबरच्या १९३० नंबरला स्वतः फोन लावून तक्रार नोंदवायला लावली. एफडी वाचली. प्लॅनचे पैसे गेले ते बहुधा गेले. "घरी गेल्यावर आधी इंटरनेटची वायर काढा," म्हणाल्या, "आणि तो प्रोग्राम कुणा माहितगाराकडून काढून घ्या. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. आणि मुलाला सांगा."

घरी आले. वायर उपटली. कॉम्प्युटरला परवाचा हार तसाच होता, तो काढून कचऱ्यात टाकला. मग फतकल मारून बसले आणि खूप रडले.

४ ऑक्टोबर, शनिवार

कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून रिक्षाने पिंपरी कॅम्पात नेला. ज्ञानेश शाळेत होता तेव्हापासून भीमराजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तिथे आहे. तोही आता टकला झालाय. मी सगळं सांगितलं, खाली मान घालून. तो हसला नाही. त्याच्या मशीनवर त्याने कुठलंसं पान उघडलं आणि तोच लाल पडदा, तोच भोंगा! मी दोन पावलं मागे सरले. त्याने कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबली. पडदा गेला. भोंगा गेला. संपलं.

"एवढंच?"

"एवढंच काकू. हे नुसतं इंटरनेटचं एक पान असतं. सिनेमाचं पोस्टर भिंतीवर लावतात ना, तसं. तुमच्या मशीनमध्ये तेव्हा व्हायरस-बियरस काहीच नव्हता. जे शिरलं ते तुम्ही फोन केल्यावर त्याने टाकायला लावलं ते. नाहीच बंद झालं तर सरळ बटण दाबून मशीन बंद करायचं. काही बिघडत नाही."

"पण बंद करू नका म्हणत होतं!"

"चोर म्हणेल का काकू, की दार लावून घ्या?" मग म्हणाला, "खरा अँटिव्हायरस कधी भोंगा वाजवत नाही, आणि फोन नंबर तर कधीच देत नाही. नंबर दिसला की समजायचं, बोगस." ज्याने माझा फोन कापला नाही, त्याचाच नंबर बोगस निघाला.

रिक्षात येताना विचार करत होते. कंपनीतला लाल दिवा आपल्याच माणसांनी टांगलेला असायचा. तो लागला की खरंच काहीतरी बिघडलेलं असायचं, आणि कुणीतरी धावत यायचं. मी घरातल्या दिव्यालाही तसंच मानलं. इथे दिवा कुणी टांगला हे विचारायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलं नाही.

संध्याकाळी सनीचा फोन आला. नको म्हणत होते मन, तरी उचलला.

"काकू, पाठवले का पैसे? मी जेवलो नाही दोन दिवस."

"सनी, तुझी आई आहे का रे?"

मागे बरेच आवाज येत होते, कितीतरी मुलं एकदम 'आंटी', 'काकू', 'अंकल' म्हणत असल्याचे.

"बँकेत जाऊन आले मी," म्हटलं. "सगळं कळलंय."

तर त्याचा आवाज बदलला. मऊपणा कुठल्या कुठे गेला. हिंदीतून म्हणाला, "फिर इतने दिन टाइम क्यों खाया बुढ़िया?" आणि ठेवून दिला.

मी त्याचा वेळ खाल्ला म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा. खूप राग आला, मोठ्याने शिव्या दिल्या, भिंतीला ऐकवल्या. मग नंबर ब्लॉक कसा करतात ते शोधून ब्लॉक केला. पैशांचं वाईट वाटलं ते वाटलंच. पण बार्शीच्या सगळ्या गोष्टी त्याला सांगितल्या, वडिलांच्या दुकानाच्या सांगितल्या, त्याचं जास्त वाटतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी उठले तीच ठरवून: ज्ञानेशला आज सांगायचं. लपवलं तर लपेल कदाचित. पण घरी सांगू नका म्हणणारा तो सनी होता, आणि मला त्याचं आता एकही ऐकायचं नाही.

म्हणजे मी हरले. ज्ञानेश म्हणालाच होता, अजून एक भानगड झाली तर ऐकणार नाही. आता तो म्हणणार, बस झालं आई, निघ. तिकिटं काढूनच कळवेल, मी ओळखते ना त्याला. मग आपलंही हातासरशी झालेलं बरं, म्हणून माळ्यावरची मोठी बॅग काढली. स्टुलावर चढून धरून ओढली, ती धाडकन खाली आली, वर्षभराची धूळ डोक्यावर. पुसून उन्हात ठेवली. तळाशी संस्कृतीचा फ्रॉक ठेवून बघितला, एक बाही व्हायचीय अजून. दोन शाली, यांचा फोटो. शिलाई मशीन न्यावं का? दिपालीला आवाज चालेल का? तिथे स्वयंपाकात फार लुडबुड करायची नाही, सकाळी लवकर भांडी वाजवायची नाहीत. फ्लॅट देईन तर कुटुंबाला देईन, पोरांना नाही. असं सगळं डोक्यात चालू होतं.

आणि भांडायचंही ठरवलं होतं. एकदम हो म्हणायचं नाही. दिवाळी इथेच करेन म्हणायचं. मालोजीरावांना फराळाचं कोण देणार म्हणायचं. तो खूप आग्रह करेल, चिडेल, मग मी ऐकेन.

फोन आला. मी सगळं सांगितलं, पहिल्या लाल पडद्यापासून. मध्ये तो दोनदा "अगं आई" म्हणाला. एफडी वाचली म्हटल्यावर मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मी थांबले. आता म्हणेल.

"आई, पण तू निस्तरलंस की सगळं," तो म्हणाला. "बँकेत गेलीस, तक्रार केलीस, भीमराजकडे गेलीस. मी पण एवढं केलं नसतं. खरं तर मी आणि दिपाली बोलतच होतो, की उगाच तुझ्या मागे लागलोय आम्ही. तुझं घर आहे, तुझी माणसं आहेत तिथे. तू म्हणत होतीस तेच बरोबर आहे. राहा तू तिथेच."

मी म्हटलं, "अरे पण दिवाळीनंतर…"

"नाही नाही, तुझ्यावर कसली जबरदस्ती नाही. दिवाळीत जमलं तर आम्हीच येऊ चक्कर टाकायला. बघतो. बाकी काय?"

बाकी काही नाही म्हटलं.

इतक्या पटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं. मे महिन्यापासून भांडत होते त्याच्याशी, आणि आज एका वाक्यात सुटलं. घर राहिलं. मी जिंकले म्हणायची. संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली.

शाली परत कपाटात गेल्या, फोटो जागेवर टांगला. बॅग तेवढी हॉलमध्ये पडलीय. ओढून खाली काढताना मी एकटी पुरले होते, पण वर चढवायला खालून हात देणारं कुणीतरी लागतं.